भरून ठेवलेलं बरं

आमच्या गल्लीत नळ एकटा येत नाही. आधी पाइपातून फुस्स असा सुस्कारा येतो, मग समोरच्या काकूंची हाक येते आणि तिच्या मागोमाग घराघरातली भांडी रस्त्यावर येतात. घागरी, हंडे, कळशा, रंगाचे रिकामे डबे, लग्नात आहेर म्हणून आलेलं आणि तेव्हापासून माळ्यावर पडलेलं पातेलं. एकदा तर एका घरातून प्रेशर कुकर आलेला मी पाहिला, शिट्टीसकट. पाणी परत कधी येणार हे कुणी विचारत नाही. विचारून आजवर कुणाला कळलेलं नाही. आलंय तोवर भरून ठेवायचं, पुढचं पुढं.

२०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. आम्ही वडवणीकर जरा जास्तच हळहळलो, कारण आमच्याकडं रेल्वेच नव्हती. उद्या तशीच वेळ आमच्यावर आली, तर पाण्यानं यायचं कशानं? नगर–बीड–परळी रेल्वे मंजूर झाली गेल्या शतकात आणि बीडपर्यंत गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या काळात आमच्या तीन पिढ्यांनी ही रेल्वे फक्त नकाशात पाहिली. ऑफलाइन म्हणजे काय, हे आम्हाला संगणकवाल्यांनी शिकवायची गरज नव्हती.

तर अशा गावातल्या माणसाला कुणी सांगितलं की अख्खीच्या अख्खी वेबसाइट घरात भरून ठेवता येते, नेट नसलं तरी ती बघता येते, तर त्याचं काय होईल? माझं जे झालं ते सांगतो.

सुरुवात २००३ साली झाली. तेव्हा माझ्यासाठी इंटरनेट ही बीडला जाऊन करायची गोष्ट होती, दाढ काढण्यासारखी. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की एसटी धरायची आणि कॅफेत तासाला तीस रुपये मोजायचे. तीस रुपये तासानं वाचत बसणं म्हणजे एसटीडी बूथमधून मुंबईला फोन लावायचा आणि पलीकडच्याला म्हणायचं, ‘थांब हं, काय बोलायचं ते आठवतो.’ म्हणून मी वाचायचं सोडून दिलं. पान उघडायचं, सेव्ह करायचं, पुढचं उघडायचं. वाचन घरी.

साधन होतं फ्लॉपी. तिच्यात १.४४ एमबी मावायचं. आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट जी ‘शुभ सकाळ’ येते, ती एकटीच कधीकधी एवढी जागा खाते. एकदा मी एका नटाविषयीचं पान घेत होतो. मध्येच कनेक्शन तुटलं आणि फोटो मिशीपर्यंतच उतरला. पुढं कित्येक दिवस तो नट आमच्याकडं ओठांशिवाय राहिला.

पण खरी फजिती वेगळीच झाली. पान सेव्ह केलं की दोन वस्तू तयार होतात: एक ते पान, आणि दुसरं त्याच्याच नावाचं, शेपटीला ‘फाइल्स’ लावलेलं फोल्डर. चित्रं, रंग, बटणं सगळं त्या फोल्डरात असतं. मला हे ठाऊक नव्हतं. मी फोल्डरं फालतू समजून कॅफेतच सोडली आणि नुसती पानं उचलून आणली. सोमवारी शाळेच्या संगणकावर उघडली, तर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक लाल फुली. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पान आणि फोल्डरचं तसंच आहे. मी एसटीचं तिकीट काढून बीडहून पंधरा अर्धे कोयते घेऊन आलो होतो.

पुढच्या खेपेला जोडीनं आणले. या वेळी मराठी वर्तमानपत्राचं पान होतं. चित्रं दिसली, रंग दिसले, मजकूर मात्र इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस आणि स्वल्पविरामांचा गोपाळकाला. तेव्हा युनिकोड मराठी वर्तमानपत्रांच्या अंगवळणी पडला नव्हता. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा, आणि काही ठिकाणी तर तो त्या वेबसाइटच्या पत्त्यालाच बांधलेला. तिथं असेपर्यंत शुद्ध मराठी, आणि आमच्या फ्लॉपीत आला की ओळखच दाखवायचा नाही. पुण्याला गेलेल्या पोरासारखा.

शेजारचे तात्या हे पान बघायला आले होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“सर, ह्यातलं आपल्याला काय वाचता येतंय का?”

“नाही तात्या. पण पुसणार नाही. ठेवतो.”

“ठिवाच. मह्या आज्याच्या वक्ताचा निजामाचा कागद हाय घरात. उर्दूत. कुणालाच वाचता येत न्हाई. पर जमीन आपलीच निघती त्यात.”

जुना कागद का ठेवावा, हे मराठवाड्यातल्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. तात्यांच्या त्या एका वाक्याच्या बळावर मी पुढची वीस वर्षं काढली.

२०१० साली आमच्या घरी लँडलाइनवरचं ब्रॉडबँड आलं. दिवसा जे वापराल ते मोजून, आणि रात्री दोन ते सकाळी आठ कितीही ओढा, मोफत. हे वेळापत्रक पाहून मला भरून आलं. शेतीपंपाच्या लाइटीचं आणि याचं गोत्र एकच! त्या वर्षी तात्या रात्री दोनच्या सुमारास बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघायचे आणि मी उठून मोडेम चालू करायचो. अंगणात आमची गाठ पडायची. “लागली का धार?” असं ते मला विचारायचे, मी त्यांना विचारायचो. दोघांचं उत्तर बहुधा सारखंच असायचं.

याच सुमारास मला एचटीट्रॅक भेटलं. झाव्हिए रोश नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १९९८ साली काढलेलं सॉफ्टवेअर. फुकट, आणि कोडही कुणीही बघावा असा उघडा. त्याची रीत आपल्याकडच्या लग्नपत्रिकेसारखी आहे. एका घरी पत्रिका द्या आणि वर ‘सहकुटुंब सहपरिवार’ म्हणा, की तो पाहुणा त्याचे पाहुणे आणतो आणि ते आपले. तुम्ही वेबसाइटचा पत्ता द्यायचा. सॉफ्टवेअर पहिलं पान उतरवतं, त्या पानावरचे सगळे दुवे बघतं, त्या दुव्यांची पानं उतरवतं, मग त्यांच्यावरचे दुवे. गंमत पुढंच आहे. उतरवताना ते प्रत्येक दुव्याचा पत्ता बदलून तुमच्या संगणकातला करतं. म्हणजे नंतर कुठंही टिचकी मारा, तुम्ही बाहेर पडतच नाही, घरातल्या घरात फिरता. आणि प्रत्येक पानाच्या पोटात, सहसा दिसणार नाही अशा जागी, हे कुठून आणि कोणत्या तारखेला उतरवलं याची नोंद करतं. पाटबंधाऱ्याच्या पाटकऱ्यानं वहीत लिहावं तसं.

काम सुरू करायच्या आधी ते एक प्रश्न विचारतं: खोली किती? पहिल्या पानापासून दुव्यांच्या किती पायऱ्या खाली उतरायचं? एक म्हटलं तर दारातूनच परत; दोन, तीन म्हटलं तर आतल्या खोल्या. मी अडलो. तात्या ओट्यावर बसलेले होते.

“तात्या, हे विचारतंय खोली किती घ्यायची.”

“बोअरला इचारत्यात तसं?”

“अगदी तसंच.”

“मंग इचार काय करायलाव? पाणी लागंस्तोवर घ्या!”

या माणसाची चार बोअर कोरडी गेलेली आहेत. शेवटच्या बोअरला तर साडेसहाशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला आणि बोअरची गाडी आणणारा एजंट एवढाच काय तो ओला झाला, तोही घामानं. अशा माणसाचा खोलीबाबतचा सल्ला मी का ऐकला, मला सांगता येणार नाही. चौकट रिकामी सोडली. रिकामी म्हणजे मर्यादा नाही.

निवडली होती पंचांगाची एक वेबसाइट. घरात उपयोग होईल आणि माझ्या उद्योगाला स्वयंपाकघरातून मान्यता मिळेल, असा हेतू. दोनला सुरू करून मी झोपलो. सकाळी आठला लाइट गेली, म्हणून ते थांबलं. दुपारी लाइट आल्यावर बघतो तर काय, आठ हजारांवर पानं!

त्या वेबसाइटवर प्रत्येक महिन्याच्या तळाशी एक बारीकसा दुवा होता: पुढील महिना. माणूस तो दोन-चारदा दाबतो, दिवाळी कधी आहे ते बघतो, सुट्ट्या रविवारी आल्या म्हणून चुकचुकतो आणि थांबतो. सॉफ्टवेअरला दिवाळीचं काय सोयरसुतक? त्याला दुवा दिसला, त्यानं पान उतरवलं. त्या पानावर पुन्हा ‘पुढील महिना’. आणि पलीकडची वेबसाइटही इतकी गुणाची की मागाल तो महिना तिथल्या तिथं गणित करून हजर करत होती. अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत कोळी म्हणतात. हा कोळी रात्रभर दर अडीच सेकंदाला एक महिना या चालीनं पुढं पुढं गेला आणि लाइट गेली तेव्हा इसवी सन २७४१ मध्ये होता.

मी हिला हाक मारली. संकष्ट्या दाखवल्या. चंद्रोदयाची वेळ मिनिटासकट.

“सातशे एकतीस वर्षांची सोय झाली,” मी म्हटलं.

“दोन हजार सातशे एक्केचाळीसला उपास मी धरणार नाही, आत्ताच सांगते,” ती म्हणाली. “या महिन्याची कधी आहे?”

मी शोधलं. शोधत राहिलो. जाताना कुठं तरी जोडणी तुटली असावी. नेमका चालू महिना उतरायचा राहिला होता. शेवटी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बघून सांगितलं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ते सुरू केलं, तेव्हापासून ते एका वेळी एकाच वर्षाचं निघतं. खोली किती ठेवायची हे त्या माणसाला कळत होतं.

दुसऱ्याच्या वेबसाइटवर असं रात्रभर पडून राहणं सभ्यपणाचं नाही, हेही मला त्यानंतर समजलं. विहीर त्याची, मोटार तुमची. वेबसाइटवाल्यांनी कोणत्या खोलीत येऊ नये हे कोळ्यांना सांगावं, म्हणून मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये एक साधी युक्ती सुचवली: ‘रोबोट्स’ नावाची चार ओळींची फाइल दारात ठेवायची. कुलूप नाही, नुसती पाटी. ‘येथे लघुशंका करू नये’ ही जशी वाचणाऱ्याच्या भरवशावर लावलेली असते तशी. एचटीट्रॅक आपणहून ती पाटी मानतं. न मानण्याचंही बटण त्यात आहे. माझ्या मेव्हण्याला संगणकातलं दुसरं काही येत नाही, पण ते बटण त्याला पाच मिनिटांत सापडलं.

मेव्हण्याचा विषय निघालाच आहे तर. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. बंद होण्याआधी मी त्यात शिरून ओळखीच्या पंधरा-वीस जणांची पानं सेव्ह केली, आता फोल्डरसकट. त्यात मेव्हण्याचंही पान होतं. फोटोच्या जागी हिंदी सिनेमातला हीरो, नावाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या, आणि ‘माझ्याविषयी’ या रकान्यात इंग्रजीतून, तीन चुका करून, ‘मी स्वतःला शोधतो आहे’. आज तो खत-बियाणांच्या दुकानाचा मालक आहे, गळ्यात गोफ आहे आणि स्वतःला शोधायची त्याला गरज राहिलेली नाही. तालुक्यातले उधारीवाले त्याला शोधून काढतात. घरातल्या कार्यात तो आवाज चढवून बोलायला लागला की मी शांतपणे लॅपटॉप उघडतो.

“दाजी, ते पुसा की आता.”

“माझं काय जातंय? ऐतिहासिक दस्तऐवज आहे.”

“कशाचा आलाय इतिहास! जगात दुसरं कुणी करतंय का आसले उद्योग?”

करतात. मी त्याला सांगितलं की याहूनी २००९ च्या ऑक्टोबरात जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लोकांनी हौसेनं बनवलेली लाखो घरगुती पानं एका रात्रीत जाणार होती. आर्काइव्ह टीम नावाची हौशी मंडळी दिवसरात्र बसून जमेल तेवढी उतरवत होती. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह स्थापन केलं; ते जगभरच्या वेबसाइटी भरून ठेवतं, आणि २००१ पासून कुणालाही जुन्या तारखेचं पान तिथं काढून बघता येतं. सान फ्रान्सिस्कोत एका जुन्या चर्चमध्ये त्यांचं बिऱ्हाड आहे. आणि तिथं तीन वर्षं काम केलेल्या माणसाचा छोटा मातीचा पुतळा करून त्या चर्चच्या सभागृहात बसवतात.

मेव्हणा पहिल्यांदाच गंभीर झाला. आमच्याकडं पुतळ्यासाठी माणसाला आधी मरावं लागतं, मग समिती, मग निवेदन, मग चबुतरा, आणि चबुतऱ्यावरून वाद. इथं तीन वर्षांत काम भागतंय.

“दाजी,” तो म्हणाला, “तिथं जागा निघत्यात का?”

आता कुणी म्हणेल की तुम्ही एकटेच असले. मला तसं वाटत नाही. स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानावर पाटी असायची: ‘मेमरी कार्ड भरून मिळेल.’ सबंध तालुक्याचा तो कोळी. दसरा झाला की तिथं रांग लागायची. कारखाने पेटायच्या आत टोळ्या निघणार. पुढचे पाच महिने कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात, उसाच्या फडात, पालात. तिथं फोन चार्ज करायला मिळाला तरी नशीब. रेंजची गोष्टच सोडा. म्हणून जाताना बाजरीचं पीठ, मिरच्या, चटणी बांधून घ्यायची तसं कार्ड भरून घ्यायचं. दुकानदार मान वर न करता विचारायचा, “काय भरू? कीर्तन, पिक्चर, का मिक्स?” बहुतेक जण मिक्स घ्यायचे. कीर्तनकार आणि आयटम साँग एकाच चाळीस रुपयांत, एकाच फोल्डरात, शेजारी शेजारी, एकमेकांना काडीचा त्रास न देता पाच महिने उसात राहायचे.

एकदा सहावीतल्या एका पोराची आई कार्ड घेऊन थेट माझ्याकडं आली. पोराला सोबत न्यावं लागणार होतं, मागं बघायला कुणी नव्हतं. “सर, तुमच्याकडं कायबाय भरलेलं असतंय म्हणत्यात. त्याच्या शाळेचं भरून द्या.” मी दोन रात्री खपून अभ्यासाच्या दोन-तीन वेबसाइटी कार्डात बसवल्या, खोली तीन, मोजून. मार्चमध्ये ते पोरगं परत आलं. उन्हानं काळं पडलेलं, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. मी विचारलं, उघडत होतं का?

“समदं उघडलं सर. धड्याचे प्रश्न सोडवले म्या. निसतं एक बटण चाललं न्हाई.”

“कोणतं?”

“उत्तरं पाठवा.”

ते बटण चालणारही नव्हतं. भरून ठेवलेल्या वेबसाइटची ही एक मर्यादा आहे आणि ती समजावून सांगताना माझी जीभ झिजली आहे. पान आपल्याकडं असतं. पानाच्या मागं बसून उत्तर देणारा माणूस, म्हणजे सर्व्हर, तिकडंच राहतो. तात्यांनी मला एकदा सातबाऱ्याची वेबसाइट भरून ठेवायला लावली होती. डिजिटल सहीचा उतारा काढायचा तर दर वेळी पंधरा रुपये जातात, त्यापेक्षा एकदाच सगळी वेबसाइट घरात आणली की भाऊबंदकीचे सगळे गट नंबर घरबसल्या बघता येतील, असा त्यांचा दूरचा हिशोब. मी समजावलं, ऐकेनात. मग आणून दाखवली. मुखपृष्ठ सुंदर आलं. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, अशा रिकाम्या चौकटी आल्या. तात्यांनी जिल्ह्याच्या चौकटीवर टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली.

“आत कुणीच न्हाई व्हय?”

“नाही. कचेरी आली, साहेब तिकडंच.”

“मंग बराबर उतरलीय,” तात्या म्हणाले.

पाच सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि माझ्या विद्येची किंमत एका दिवसात उतरली. पहिले काही महिने नेट फुकट, रोज वापरून संपेना. ओट्यावर बसून लोक दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातल्या ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघायला लागले. कार्ड भरून देणाऱ्यानं पाटी उतरवून स्क्रीनगार्ड लावायला सुरुवात केली. मी मात्र उतरवतच राहिलो. “नळाला चोवीस तास पाणी आलंय अन् तुम्ही हंडे भरून ठेवायलाव,” असं एका विद्यार्थ्यानं मला भर वर्गात ऐकवलं. ही उपमा मीच त्याला कधी तरी शिकवली असणार. आमच्या हिचं मत आणखी नेमकं आहे. उन्हाळ्यात तीही कुरडया, पापड, शेवया, सांडगे करून डबे भरून ठेवते. “माझं वाळवण निदान तळून खाता येतं,” ती म्हणते. माझ्याकडं दोन हार्ड डिस्क झाल्या होत्या. एकीत किविक्स होतं, २००७ पासून चालत आलेलं सॉफ्टवेअर. त्यात अख्खा विकिपीडिया एका फाइलीत बांधून मिळतो आणि नेटशिवाय वाचता येतो. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी. तो सबंधच्या सबंध माझ्या कपाटात, पापडाच्या डब्याशेजारी.

आणि एक पान तात्यांच्या आग्रहावरून ठेवलेलं. बाजारभावाचं, २०२२ च्या सुरुवातीचं. त्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. आमच्या पट्ट्यात असा भाव कुणी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तात्या संध्याकाळी आले आणि म्हणाले, “सर, हे भरून ठिवा. उद्या कुणी खोटं म्हणायला नगं.” मी ठेवलं. पुढच्या हंगामात तात्यांनी तोच भाव पुन्हा येणार म्हणून सगळा कापूस घरातच भरून ठेवला. बाजेखाली कापूस, देवघरात कापूस. नातवंडं कापसावर लोळून अंग खाजवत बसायची. भाव आला नाही. खाली खालीच गेला. पुढं लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव होता ७,०२० रुपये, आणि त्यासाठीही केंद्रावर रांग. तात्यांनी कापूस शेवटी कितीला दिला, हे मी विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडच्या २७४१ सालाविषयी परत कधी थट्टा केली नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

२०२३ च्या ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. जिल्ह्यात तेव्हा जे घडत होतं ते हसण्यासारखं नव्हतं. संचारबंदी लागली आणि नेट बंद झालं. गल्लीतले सगळे जण फोन आडवा करून, उभा करून, गच्चीवर धरून बघत होते. दुपारी दारावर थाप पडली. कार्ड भरून देणारा, वर्गात मला हंड्यांवरून बोललेला तो विद्यार्थी, समोरच्या काकू, मेव्हणा, मागून तात्या. मान खाली.

“सर, काय काय भरून ठेवलंय?”

वीस वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. दोन्ही हार्ड डिस्क काढल्या, पुसल्या. विकिपीडिया उघडून दिला. जगातलं एवढं ज्ञान समोर आल्यावर प्रत्येकानं एकच गोष्ट शोधली: आपलं गाव. वडवणीवर किती ओळी आहेत, चिंचवणवर किती, शेजारच्या धारूरला जास्त का? धारूरला किल्ला आहे, असं मी म्हटलं; ते कुणाला पटलं नाही. काकूंनी अंगारकी विचारली. २७४१ पर्यंतच्या मोजून ठेवू का, असं मी म्हटल्यावर त्या ‘राहू द्या’ म्हणाल्या. मेव्हणा ऑर्कुटचं पान कुणाच्या हाती लागू नये म्हणून माऊसवर हात ठेवूनच बसला होता.

तात्या मागं उभे होते. सगळे पांगल्यावर त्यांनी खुर्ची ओढली.

“ते आपलं पान हाय का?”

मी उघडलं. हिरव्या पट्टीवर ‘आजचे बाजारभाव’. कापूस, दहा हजारांच्या वर. जागा होती तशी, आकडे होते तसे. तात्यांनी चष्मा वर केला, खाली केला, बोट पडद्यावर ठेवून ओळ सरळ धरली आणि भाव मोठ्यानं वाचला. मग एकदा मनात वाचला.

“हालला न्हाई,” ते म्हणाले.

“हलणार कसा? भरून ठेवलाय.”

ते बराच वेळ तसेच बसून राहिले. हिनं चहा आणला. चहाचा कप हातात धरून त्यांनी मला विचारलं,

“सर, तुमच्याकडं दोन हजार सातशे एक्केचाळीसची संकष्टी हाय न्हवं?”

“आहे की.”

“मंग त्याच सालचा कापसाचा भाव कामून न्हाई उतरवला?”